हँडल उंच करायचंय? आधी अंग मोजा, मग बोल्ट ढिले करा

पुण्याहून कोल्हापूरकडे निघालेला उंच माणूस बऱ्याचदा साताऱ्याच्या आतच हात झटकायला लागतो. तळवे दुखतात, बोटांना मुंग्या येतात, खांदे कानापर्यंत चढलेले असतात आणि टोलनाक्याजवळ उतरल्यावर मान वळत नाही. गाडी तर चांगली असते. तिचं हँडल सरासरी उंचीच्या माणसाला धरून ठेवलेलं असतं आणि आपण त्या सरासरीत बसत नाही, एवढीच अडचण असते.

यावरचा एक सोपा आणि स्वस्त उपाय म्हणजे हँडलबार रायझर. अॅल्युमिनियमचे दोन ठोकळे किंवा एकच अखंड तुकडा हँडलखाली बसवायचा आणि हँडल वीस-तीस मिलिमीटर वर घ्यायचं. हिरोच्या एक्सपल्स २०० ४व्ही प्रोवर तर असे रायझर कारखान्यातूनच येतात, कारण ती गाडी उभं राहून चालवण्यासाठी आहे. म्हणजे हा उपाय उगाच कुणी शोधून काढलेला नाही. बोल्ट काढून बोल्ट लावणं तासाभराचं काम आहे. खरा वेळ त्याच्या आधीच्या मोजमापात आणि नंतरच्या तपासणीत जातो, आणि तो द्यायलाच हवा. या लेखातही मी त्या दोन गोष्टींवरच जास्त रेंगाळणार आहे.

दुखतंय कुठे, ते आधी ओळखा

सगळ्या दुखण्यांवर रायझर हे औषध नाही. तळव्यांवर भार येत असेल, खांदे पुढे ओढले जात असतील, मान मागे टाकून रस्ता बघावा लागत असेल, तर हँडल खाली किंवा लांब आहे. इथे रायझरने नक्की फरक पडतो.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल, तर तळव्याच्या बाहेरच्या कडेवर दाब पडतोय. अंगठा आणि त्याच्या लगतची दोन बोटं बधिर होत असतील, तर मनगट वाकलेल्या अवस्थेत राहतंय. या दुसऱ्या तक्रारीचं मूळ पुष्कळदा हँडलच्या उंचीत नसून लीव्हरच्या कोनात असतं. क्लच आणि ब्रेकचे लीव्हर शोरूममधून येताना जवळजवळ आडवे असतात. ते थोडे खाली झुकवा, इतके की हात मुठीवर ठेवून बोटं लांब केली तर कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एकच सरळ रेघ दिसावी. याला एक पाना आणि पाच मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत. माझा आग्रह आहे की रायझर मागवण्याआधी हे करून एक लांबची फेरी मारा. काहींचं काम इथेच संपतं.

कंबर किंवा माकडहाड दुखत असेल तर मात्र जपून. हँडल वर घेतलं की पाठ सरळ होते आणि अंगाचा सगळा भार बैठकीवर येतो. मग खड्ड्याचा दणका हात आणि मांड्या वाटून घेत नाहीत, तो थेट मणक्यात जातो. आधीच ताठ बसवणारी गाडी असेल तर रायझरने कंबरदुखी वाढू शकते. तिथे सीटचा फोम आणि मागच्या शॉकअपचं सेटिंग आधी बघायला हवं.

किती उंची हवी, ते मोजायची रीत

गाडी सपाट जागी डबल स्टँडवर घ्या. डबल स्टँड नसेल तर कुणाला तरी समोरून धरायला सांगा. एरवी प्रवासात घालता ते जॅकेट, बूट आणि हेल्मेट घाला, कारण जाड जॅकेटने खांद्यांची आणि हेल्मेटच्या वजनाने मानेची बैठक बदलते. सीटवर नेहमीच्या जागी बसा, डोळे मिटा, खांदे एकदा वर उचलून सैल सोडा आणि हँडल धरल्यासारखे हात पुढे न्या. हात जिथे आपोआप थांबतील तिथे थांबवा. आता डोळे उघडा.

मुठी हँडलच्या वर असतील तर तो फरक सोबतच्या माणसाकडून टेपने मोजून घ्या, उभा वेगळा आणि आडवा वेगळा. बाजूने एक फोटोही काढायला सांगा. त्यात कोपर किंचित वाकलेलं दिसलं पाहिजे. ताणलेला सरळ हात चालत नाही, कारण मग प्रत्येक हादरा खांद्यात जातो.

खडकाळ वाटांवर उभं राहून चालवत असाल तर हेच माप उभं राहूनही घ्या. पाय फूटरेस्टवर, गुडघे टाकीला लागलेले आणि थोडे वाकलेले. कमरेतून पुढे झुकल्याशिवाय हात हँडलवर पोहोचत नसतील, तर तुम्हाला उंची नक्की हवी आहे.

फरक साधारण १५ ते ३० मिलिमीटर निघतो. पन्नासच्या वर निघाला तर रायझरचा विचार सोडा आणि उंच वळणाचं दुसरं हँडल शोधा. रायझर जितका उंच, तितका क्लॅम्पवर, म्हणजे हँडल धरणाऱ्या पकडीवर, पडणारा तरफेचा जोर जास्त, आणि केबल पुरण्याची शक्यता तितकी कमी.

इथे एक गोष्ट फायद्याची ठरते. पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांचा सांगाडा, वरच्या टोकाला मागे कललेला असतो आणि रायझर बहुतेक गाड्यांत त्याच कलाच्या दिशेने चढतो. फोर्कचा कोन २६ अंश धरला, तर ३० मिलिमीटरचा रायझर हँडल २७ मिलिमीटर वर आणि १३ मिलिमीटर तुमच्याकडे आणतो. त्यामुळे हँडल थोडं लांब वाटत असेल तर साध्या सरळ रायझरनेही ते जवळ येतं. त्याहून जास्त जवळ हवं असेल तर मागे सरकवलेला, म्हणजे ऑफसेट असलेला रायझर मिळतो.

तुमच्या गाडीला कोणता रायझर लागेल

हँडल धरणारा क्लॅम्प खालून-वरून नीट बघा.

काही गाड्यांत क्लॅम्पचा खालचा अर्धा भाग वरच्या टी-प्लेटमध्येच (फोर्कच्या दोन्ही नळ्या वर धरणाऱ्या प्लेटमध्ये) ओतलेला असतो. तो वेगळा होत नाही. अशा गाडीला हँडलच्या जागी बसणारा रायझर लागतो. त्याचा खालचा भाग हँडलसारखा गोल असतो, तो जुन्या क्लॅम्पमध्ये आवळायचा आणि त्याच्या डोक्यावर नवा क्लॅम्प असतो. काही गाड्यांत खालचा क्लॅम्प सुटा असतो आणि टी-प्लेटच्या खालून येणाऱ्या बोल्टने धरलेला असतो, मध्ये कधी रबरी बुश. तिथे क्लॅम्पखाली साधा ठोकळा आणि लांब बोल्ट पुरतो. आर-१५, पल्सर २२०एफ किंवा आरसी ३९० सारख्या गाड्यांना अखंड हँडल नसतं, दोन वेगळे क्लिप-ऑन फोर्कला आवळलेले असतात. हा लेख त्यांच्यासाठी नाही.

मग व्हर्नियरने (जाडी आणि खोली मोजायच्या बारीक मापाने) क्लॅम्पजवळ हँडलची जाडी मोजा. बहुतेक गाड्यांत ती २२ मिलिमीटर असते, जाड हँडल असेल तर २८. बाविसच्या हँडलला अठ्ठावीसचा क्लॅम्प घेऊन मध्ये पत्र्याची पट्टी सारणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका.

पुण्यात नाना पेठेत फिरलात किंवा ऑनलाइन शोधलंत तर रायझरचे ढीग सापडतील. घेताना तुमच्या गाडीचं मॉडेल सांगून त्यासाठीच बनवलेला घ्या. गोल खाच गुळगुळीत आहे का, कडांना धार राहिली आहे का, दोन्ही ठोकळ्यांची उंची व्हर्नियरवर अगदी सारखी भरते का, हे दुकानातच बघा. एकसंध तुकडा मिळाला तर तो घ्या, दोन ठोकळे एका रेषेत आणायचा त्रास वाचतो. लेथवर पाइप कापून केलेले तुकडे आणि एकावर एक रचलेले वायसर हँडलखाली कधीही नकोत.

बोल्टचा हिशेब

रायझरसोबत बोल्ट येतात, पण डोळे झाकून ते लावू नका. जुना बोल्ट ३५ मिलिमीटरचा आणि ठोकळा २५ मिलिमीटरचा असेल तर नवा बोल्ट ६० चा हवा. डोक्यावर निदान ८.८ असा बोल्टच्या ताकदीचा आकडा कोरलेला असावा. आकडा नसलेला चमकदार बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातून आणून हँडलला लावायचा नसतो.

अॅल्युमिनियमच्या भोकात बोल्टचे आटे त्याच्या जाडीच्या दीडपट तरी बसले पाहिजेत. एम-८, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीच्या, बोल्टसाठी ही खोली १२ मिलिमीटर होते. मोजायची सोपी युक्ती अशी: एम-८ च्या नेहमीच्या आट्यांत एका फेऱ्याला बोल्ट सव्वा मिलिमीटर आत जातो. रायझर जागेवर ठेवून बोल्ट नुसत्या बोटांनी फिरवा आणि फेरे मोजा. डोकं टेकेपर्यंत दहा फेरे झाले तर बोल्टची लांबी बरोबर आहे. चार-पाच फेऱ्यांतच टेकलं तर बोल्ट आखूड आहे.

उलटाही धोका असतो. भोक आरपार नसेल आणि बोल्ट जास्त लांब असेल, तर तो तळाला टेकतो. पाना घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण क्लॅम्प आवळलाच जात नाही. म्हणून काडेपेटीतली काडी किंवा व्हर्नियरची शेपटी भोकात घालून खोली आधी मोजून ठेवा.

हत्यारं

५ आणि ६ नंबरची एल-की, १० ते १३ चे पाने, व्हर्नियर, मास्किंग टेप, टाकीवर घालायला जुना टॉवेल, चार-सहा केबल-टाय, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक (बोल्ट आपोआप ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लावायचं चिकट द्रव्य) आणि टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराइतकंच आवळता येणारा पाना). टॉर्क रेंच घरी नसतोच बहुतेकांच्या. ओळखीच्या गॅरेजमधून तासाभरासाठी आणा किंवा शेवटचं आवळणं तिथेच करून घ्या. अंदाजाने आवळून अॅल्युमिनियमचे आटे गेले की टी-प्लेटचा खर्च रायझरच्या कितीतरी पट होतो.

प्रत्यक्ष काम

१. इंजिन थंड असू द्या. गाडी डबल स्टँडवर, टाकीवर टॉवेलची घडी. हँडलच्या डावीकडून, उजवीकडून, समोरून आणि वरून फोटो काढा. कोणती केबल कुठल्या कडीतून, कुठल्या वायरच्या मागून जाते हे फोटोत स्पष्ट दिसलं पाहिजे.

२. हँडल क्लॅम्पमध्ये जिथे धरलंय तिथे दोन्ही बाजूंना टेप लावून पेनाने रेघ मारा. पुष्कळ हँडलांवर कारखान्याचा एक बारीक ठिपकाही असतो, तो क्लॅम्पच्या फटीशी जुळवायचा असतो. क्लॅम्पच्या वरच्या अर्ध्या भागांवर, म्हणजे टोप्यांवर, बाण किंवा टिंब असेल तर ते पुढच्या बाजूला येतं, तेही लक्षात ठेवा.

३. हँडलला बांधलेले केबल-टाय कापा. क्लच केबलचा अॅडजस्टर लीव्हरपाशी पूर्ण आत घ्या म्हणजे केबलला ढील मिळेल.

४. वरचे चारही बोल्ट अर्धा-अर्धा फेरा करून, तिरक्या क्रमाने सोडा. शेवटचे दोन सोडताना कुणीतरी हँडल धरलेलं असावं. हँडल सुटलं की ते अलगद मागे टॉवेलवर टेकवा. ब्रेक ऑइलची डबी उलटी किंवा आडवी होऊ देऊ नका, नाहीतर आत हवा शिरते आणि ब्रेक मऊ पडतो. ब्रेकच्या पाइपवर हँडल लोंबकळू द्यायचं नाही, हेही तितकंच महत्त्वाचं.

५. क्लॅम्पची खाच आणि हँडलचा धरायचा भाग कोरड्या फडक्याने पुसा. तिथे तेल किंवा ग्रीस राहता कामा नये, हँडल घसरतं.

६. रायझर बसवा आणि सगळे बोल्ट आधी हातानेच लावा. खालून बोल्ट येणारा प्रकार असेल तर ते बोल्ट जरा ढिले ठेवा, वर हँडल ठेवून टोप्या हलक्या आवळा, म्हणजे दोन्ही ठोकळे आपोआप एका रेषेत येतील. मग खालचे पक्के करा. थ्रेडलॉकचा एक थेंब आट्यांवर पुरतो.

७. हँडल जुन्या रेघांवर मधोमध आणा, गाडीवर बसा, कोन तुमच्या हाताला जुळवा. हँडल मागे फिरवलं की मुठी जवळ येतात पण खालीही जातात, त्यामुळे रायझरने मिळवलेली उंची इथे घालवू नका.

८. आता आवळणं. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडाच अंतिम. साधारणपणे एम-८ बोल्टला २० ते २५ न्यूटन-मीटर लागतात. दोन-तीन टप्प्यांत, चारही बोल्टना सारखी वाटणी करत आवळा. काही गाड्यांत पुढचे दोन बोल्ट आधी पूर्ण आवळायचे असतात आणि फट मागेच राहते, काहींत दोन्हीकडे फट सारखी ठेवायची असते. मॅन्युअलमध्ये हे चित्रासह असतं.

केबल आणि पाइप: इथे घाई नको

हँडल वर गेलं म्हणजे क्लच केबल, अॅक्सिलरेटर केबल, पुढच्या ब्रेकचा पाइप आणि दोन्ही स्विचच्या वायरी यांना तेवढं जास्त अंतर कापायचंय. वीस-पंचवीस मिलिमीटरला बहुतेक गाड्यांत मूळच्या केबल पुरतात, पण त्यांचा मार्ग थोडा बदलावा लागतो. एखाद्या कडीतून केबल बाहेर काढली, दिव्यामागचा वळसा सरळ केला, की दोन-एक सेंटिमीटर सहज मिळतात. मार्ग बदलताना केबल फोर्क आणि फ्रेमच्या मध्ये चिमटणार नाही, एवढं बघा.

मग ही तपासणी, एकही पायरी न गाळता:

इंजिन बंद ठेवून हँडल डावीकडे पूर्ण वळवा, मग उजवीकडे. हँडल केबलच्या ताणाने अडतंय की लोखंडी स्टॉपरला टेकून थांबतंय, हे हाताला कळतं. स्टॉपरला टेकताना ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो, केबलने अडवलं तर हँडल मऊपणे परत ढकललं जातं. दोन्ही टोकांना मूठ आणि टाकी यांच्यात अंगठा आरामात राहिला पाहिजे.

दोन्ही टोकांना अॅक्सिलरेटर पूर्ण पिळून सोडा. तो खट्कन परत यायला हवा. क्लच लीव्हरला दोन्ही टोकांना मोकळी चाल उरते का पाहा. बऱ्याच गाड्यांत दोन-तीन मिलिमीटर सांगितलेली असते. एका टोकाला ती नाहीशी होत असेल, तर वळताना क्लच अर्धवट दबलेला राहील आणि प्लेटा जळतील.

आता मोकळ्या हवेत, न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू करा आणि आयडलिंगवर स्थिर होऊ द्या. हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. इंजिनचा आवाज जराही चढला, तर अॅक्सिलरेटर केबल ओढली जातेय. वरंध्याच्या घाटात तीव्र वळणावर हँडल पूर्ण वळवलं आणि गाडी आपोआप पुढे उसळली, असं व्हायला नको असेल तर आवाज तसूभरही बदलत असेल तोवर हे काम अपुरंच समजा. केबलचा मार्ग पुन्हा बघा किंवा लांब केबल घ्या. ३९० ड्यूकच्या २०१७ नंतरच्या गाड्यांसारखी राइड-बाय-वायर गाडी असेल तर ही केबल नसते, पण त्या मुठीची वायर ताणली जात नाही ना, हे बघावंच लागतं.

ब्रेकचा पाइप गाडी स्टँडवर असताना सैल दिसतो आणि फसवतो. इंजिनखाली आधार देऊन पुढचं चाक जमिनीवरून उचला, म्हणजे फोर्क पूर्ण लांब होईल. मोठ्या खड्ड्यावरून चाक हवेत जातं तेव्हा हीच स्थिती असते. या स्थितीत हँडल दोन्हीकडे वळवून पाइप बोटाने दाबून पाहा. तो ताठ तारेसारखा लागला तर लांब पाइप घालावाच लागेल. ते काम, विशेषतः एबीएस असलेल्या गाडीचं, जाणत्या मेकॅनिककडून करून घ्या, कारण आतली हवा पूर्ण काढावी लागते.

शेवटी दोन्ही टोकांना हॉर्न, इंडिकेटर, सेल्फ, किल स्विच आणि ब्रेक लीव्हर दाबल्यावर मागचा लाल दिवा, सगळं एकेकदा चालवून बघा.

रस्त्यावर नेण्याआधी

गाडीसमोर उभे राहा, पुढचं चाक दोन्ही पायांत घट्ट धरा आणि हँडल जोराने पिळा, वर ओढा, खाली दाबा. क्लॅम्पमध्ये ते इवलंसंही सरकू नये. आरसे नव्याने लावा, ते हमखास बिघडलेले असतात. काच किंवा हँडगार्ड असेल तर लीव्हर त्याला घासत नाही ना पाहा. बोल्टच्या डोक्यावरून क्लॅम्पवर येईल अशी रंगाची बारीक रेघ ओढा, बोल्ट फिरला तर लगेच दिसेल.

पहिली फेरी मैदानात किंवा रिकाम्या रस्त्यावर. संथ गतीत इंग्रजी आठाच्या आकाराची वळणं घ्या, मग ताशी तीस-चाळीसवरून जोरात ब्रेक मारा. हायवेवर नेलीत की दोन बदल जाणवतील: छातीवर वारा जास्त लागेल आणि पुढचं चाक थोडं हलकं वाटेल, कारण अंगाचा भार मागे गेलाय. आठवडाभर वेग बेताने वाढवा.

कायद्याचंही बघून घ्या. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील मूळ बनावटीहून वेगळे होतील असा फेरफार करता येत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरकडून आणि विमा कंपनीकडून काम करण्याआधीच लेखी उत्तर घेऊन ठेवा, आणि मूळ बोल्ट-क्लॅम्प डब्यात जपून ठेवा.

साधारण शंभर किलोमीटर झाल्यावर टॉर्क रेंच पुन्हा लावा. नव्या रायझरचे बोल्ट एकदा थोडे बसतात. त्यानंतर प्रत्येक सर्व्हिसिंगला रंगाची रेघ आणि ब्रेकचा पाइप जिथे वळतो ती जागा बघत जा. आणि दोन-चार लांबच्या फेऱ्यांनंतरही खांदे चढलेलेच राहत असतील, तर आणखी उंच रायझर मागवण्याआधी हँडल क्लॅम्पमध्ये दोन-तीन अंश फिरवून बघा आणि त्यानुसार लीव्हरचा कोन परत जुळवा.